सायकलला वाट कोणी दिली?

एडिनबराहून दक्षिणेला तासाभराच्या बसप्रवासावर पीबल्स नावाचं टुमदार गाव आहे आणि गावाला लागूनच ग्लेनट्रेसचं जंगल. गेल्या वर्षी प्रोजेक्टच्या कामासाठी तीन महिने तिकडे होतो, तेव्हा एका शनिवारी तिथे जाऊन पोहोचलो. भाड्याने माउंटन बाईक घेतली. सुरुवातीलाच मोठी पाटी, त्यावर रंगांप्रमाणे ट्रेल दाखवलेले: निळा, लाल, काळा. सिंहगड दोनदा सायकलने चढल्याचा माज होता, त्यामुळे सरळ लाल निवडला. अर्धा ट्रेल सायकलवर बसून आणि अर्धा सायकल ढकलत पूर्ण केला, आणि जेवण झाल्यावर निमूटपणे निळ्यावर गेलो. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी मला 'सॉरी' म्हणत मागे टाकून पुढे गेली :-)

असो. दम खात बसलो असताना झाडांकडे नीट लक्ष गेलं. बहुतेक एकाच जातीची, एकाच वयाची आणि एक्सेल शीटमधल्या रकान्यांसारखी ओळीत उभी. आपल्या डोक्यात 'जंगल' म्हटलं की जे चित्र येतं ते हे नव्हे. हे कोणीतरी लावलंय. कोणी? कशासाठी? आणि मग त्यात सायकलींना कोणी येऊ दिलं? खोलीवर परत आल्यावर वाचायला बसलो आणि पुढचे बरेच वीकेंड त्यातच गेले. जे हाती लागलं ते असं.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. ब्रिटन तेव्हा आपलं बहुतेक लाकूड बाहेरून आणत असे. जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा सरकारचे डोळे उघडले. खंदकांना लाकूड हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोळशाच्या खाणीत छत धरून ठेवायला लाकडी टेकू हवेत. टेकू नाहीत तर कोळसा नाही, आणि कोळसा नाही तर कारखाने, रेल्वे, आरमार सगळंच ठप्प. युद्ध संपेपर्यंत देशाच्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर झाडी उरली होती. म्हणून १९१९ साली कायदा करून 'फॉरेस्ट्री कमिशन' स्थापन झालं. काम एकच: जमीन घ्या, झाडं लावा, पुढच्या युद्धासाठी लाकूड तयार ठेवा.

इथे एक गंमत आहे. आपल्या मुंबई इलाख्यात १८४७ सालीच अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती, आणि १८६४ मध्ये डायट्रिच ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली अख्ख्या हिंदुस्थानचं वनखातं उभं राहिलं. म्हणजे आपल्याकडे सरकारी वनखातं येऊन अर्धशतक उलटून गेल्यावर साहेबाने ते स्वतःच्या घरी काढलं! आपल्याकडे त्या खात्याने काय केलं त्याबद्दलची चीड महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) आहेच: गावाची गुरं जिथे चरायची ते रान सरकारी झालं. जंगल कोणाचं, आत कोणी यायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. या गोष्टीत तो सारखा डोकं वर काढणार आहे.

कमिशनने जी जमीन घेतली ती अर्थातच कोणाला फारशी नको असलेली होती. उंचावरची, ओली, आम्लधर्मी. त्यातला बराच भाग म्हणजे मूरलँड. मूर म्हणजे झाडं नसलेला, वारा खाणारा डोंगरमाळ. खाली पीटचा थर, म्हणजे हजारो वर्षं साचत गेलेल्या आणि पाण्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजसारखी माती. वर हेदरची खुरटी झुडपं, जी ऑगस्टमध्ये जांभळी होतात. अशा जमिनीत चर खणून पाणी काढलं आणि त्यावर मुख्यतः सिटका स्प्रूस हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड लावलं. ते भराभर वाढतं आणि पावसाला, वाऱ्याला दाद देत नाही. इंग्लंडच्या उत्तर टोकाला किल्डरमध्ये १९२६ साली लागवड सुरू झाली आणि आज ते इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित जंगल आहे.

ही झाडं लावायला आणि रस्ते करायला हात कोणाचे? १९३० च्या मंदीत उत्तरेकडच्या खाणी आणि जहाजांचे कारखाने बंद पडले होते. बेकार तरुणांना 'कामाची सवय राहावी' म्हणून कामगार मंत्रालयाने जंगलात छावण्या काढल्या. किल्डरला, हॅम्स्टर्लीला अशा छावण्या होत्या. तिथे तीन-तीन महिने राहून या मुलांनी जमीन साफ केली, रस्ते खोदले. आज हॅम्स्टर्लीच्या जंगलात कार्बन फायबरच्या सायकली घेऊन लोक वीकेंडला येतात, तिथल्या रस्त्यांना या बेकार पोरांचे हात लागलेले आहेत.

आता त्याच काळात, जंगल न झालेल्या मूरवर काय चाललं होतं ते बघू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांनी गावकऱ्यांची सामायिक कुरणं कुंपणात गेली होती, आणि डोंगरमाळ मोठ्या जमीनदारांकडे. त्यांना त्यात रस होता तो रेड ग्राऊस नावाच्या तितरासारख्या पक्ष्यापुरता. दर वर्षी १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. वर्षातून काही आठवडे चालणाऱ्या या शिकारीसाठी बाकी वर्षभर माळ बंद, आणि वर राखणदार ठेवलेले. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यात आठवडाभर धूर खाणाऱ्या कामगाराला रविवारी समोर डोंगर दिसायचा, पण पाय ठेवायची सोय नव्हती.

२४ एप्रिल १९३२ ला सुमारे ४०० लोक हेफील्ड गावातून किंडर स्काउट या पठारावर ठरवून, जाहीर करून घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पुढारी होता बेनी रॉथमन, वय २०, मँचेस्टरचा मोटार मेकॅनिक. पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिन्यांचा. चालण्याबद्दल चार महिने! (तांत्रिकदृष्ट्या गुन्हा दंगलीचा होता, पण मुद्दा लक्षात आला असेल.) त्यातून जो जनमताचा रेटा तयार झाला तो पुढे १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यापर्यंत गेला, आणि १९५१ मध्ये किंडर स्काउट ज्यात येतं ते पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. शेवटी २००० साली कायदा आला की इंग्लंड-वेल्समधल्या नकाशावर ठरवून दिलेल्या डोंगर, मूर आणि माळांवर कोणीही मोकळेपणी फिरू शकेल. रॉथमन २००२ च्या जानेवारीत गेला, म्हणजे हा कायदा झालेला त्याने पाहिला. त्याच वर्षी, ७० व्या वर्धापनदिनी, डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली.

पण त्या २००० च्या कायद्यातली मोकळीक आहे ती 'पायी चालत' जाण्याची. हक्क फक्त पायांना. सायकलला नाही.

आणि आता एक तपशील सांगतो, जो वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. त्या रविवारी मँचेस्टर स्टेशनवर पोलीस टपून बसले होते, म्हणून रॉथमन हेफील्डला ट्रेनने गेलाच नाही. तो गेला सायकलने.

म्हणजे ज्या घुसखोरीतून माळ मोकळा झाला तिचा पुढारी सायकलवर आला, आणि सत्तर वर्षांनी जो कायदा झाला त्यात सायकल गेटबाहेरच राहिली.

बरं, सायकलवाले मधल्या काळात होते कुठे? होतेच. १९५५ साली लेमिन्स्टर गावी 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब निघाला. साध्या स्टीलच्या सायकली घेऊन हे लोक डोंगरातल्या कच्च्या वाटांनी जायचे. १९६८ च्या कायद्याने सायकलला ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठी राखलेल्या जुन्या वाटांवर, जायची मुभा मिळाली. अट: पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. पण पायवाटा म्हणून नोंदलेल्या वाटांवर हक्क नाहीच. परिणाम असा की इंग्लंड-वेल्समधल्या सार्वजनिक वाटांच्या जाळ्यापैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढ्या वाटांवर सायकल हक्काने जाऊ शकते. त्यातही एखादी वाट पायवाट आहे की ब्रायडलवे हे शंभर वर्षांपूर्वी तिथून कोण कसं जायचं यावर ठरतं. आजचा उतार, आजची माती यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तिकडे कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली ट्रकमधून डोंगरावर न्यायची आणि खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतारावर पायब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नाव पडलं 'रीपॅक'. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही यातली मंडळी. ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली आणि १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. पुढे काय झालं? ज्या डोंगरावर या खेळाचा जन्म झाला तिथल्याच अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. पायी जाणारे आणि घोडेवाले वैतागले होते, आणि सगळी चूक त्यांची होती असंही नाही. वळणावरून अचानक अंगावर सायकल आली तर कोण खूष होईल?

१९८० च्या दशकाच्या शेवटी ही लाट ब्रिटनमध्ये पोहोचली आणि तीच भांडणं सुरू झाली. मूरवर प्रश्न आणखी बिकट, कारण पीट. ओल्या पीटवर शंभर टायर गेले की वाटेचा चिखल होतो. चिखल टाळायला पुढचा माणूस कडेने जातो. मग कडेचाही चिखल. असं करत दोन फुटांची वाट वीस फुटांची होते.

यातून मार्ग निघाला तो अनपेक्षित ठिकाणाहून: त्या एक्सेल शीटवाल्या जंगलातून. झालं असं की जंगल लावण्यामागचं कारणच हळूहळू नाहीसं झालं होतं. १९५७ च्या एका सरकारी समितीने सांगून टाकलं की अणुबॉम्बच्या युगात युद्धासाठी लाकूड राखून ठेवण्यात काही अर्थ नाही. खाणींमध्ये स्टीलचे टेकू आले, आणि मग खाणीच गेल्या. कमिशनकडे उरली प्रचंड जमीन, ट्रक जातील असे रस्ते, आणि 'आम्ही कशासाठी आहोत?' हा प्रश्न. शिवाय एक मोठी सोय: मालक एकच, आणि नवी वाट काढायला शंभर वर्षं जुने पुरावे लागत नाहीत. परवानगी दिली की झालं.

वेल्समध्ये डॉलगेल्याउ गावाजवळ कोएड-अ-ब्रेनिन, म्हणजे 'राजाचं रान', नावाचं जंगल आहे. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये हे नाव पडलं. १९९० च्या दशकात तिथे काम करणाऱ्या डॅविड डेव्हिस या माणसाने एक साधी पण तोवर ब्रिटनमध्ये न झालेली गोष्ट केली. आहे त्या रस्त्यांवर सायकलच्या पाट्या लावण्याऐवजी त्याने सायकलसाठी म्हणून नवी वाट बांधली. अरुंद, दगडाने पक्की केलेली, बाराही महिने चालणारी. लोक लंडनहून पाच-सहा तास गाडी चालवत यायला लागले. ब्रिटनमधलं हे पहिलं 'ट्रेल सेंटर'.

'वाट बांधली' म्हणजे काय केलं? इंजिनीअर असल्याने मला यातच सगळ्यात मजा आली. वाटेचा खरा शत्रू असतो पाणी. चाकं फक्त माती सैल करतात, वाहून नेतं ते पाणी. डोंगरउताराच्या सरळ रेषेत वाट काढली तर पहिल्या मोठ्या पावसात तिचा ओढा होतो. म्हणून वाट उताराला आडवी, हळूहळू चढत न्यायची. ढोबळ नियम असा की सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. वाटेची बाहेरची कड किंचित खाली ठेवायची म्हणजे पाणी आडवं निघून जातं. ठराविक अंतराने वाट थोडी उलट चढवायची, त्या खळग्यातून पाणी बाहेर पडतं (आणि स्वाराला उडी मारायला छोटा उंचवटाही मिळतो). पीट आली तर दोनच पर्याय: खणून खालच्या टणक थरापर्यंत जा, नाहीतर कापडासारखी जाळी अंथरून त्यावर दगडांचा थर तरंगत ठेवा. चांगला ट्रेल म्हणजे खरं तर मजा देणारी गटारव्यवस्था!

मग रंग. हे स्कीइंगवाल्यांकडून उचलले. हिरवा रुंद आणि सपाटीचा, निळा थोड्या चढ-उतारांचा, लालवर दगड, पायऱ्या, तीव्र वळणं, आणि काळा ज्यांना आपण काय करतोय ते माहीत आहे त्यांच्यासाठी. यातली खुबी अशी की रंग सांगतो वाट कशी आहे ते. तू कोण आहेस ते विचारत नाही. ज्याने त्याने आपलं बघून ठरवायचं. मीही त्या दिवशी दुपारपर्यंत ठरवलं होतंच! अलीकडे यात अपंगांच्या सायकलीही आल्या आहेत: तीन-चार चाकी, काही हाताने चालवायच्या. त्यांना वाट किती रुंद, वळण किती मोठं, गेटमधून चाक जातं की नाही यावर सगळं अवलंबून असतं. कोएड-अ-ब्रेनिनचा 'मायनोटॉर' हा निळा ट्रेल अशा बहुतेक सायकलींना जमेल असा आहे. 'सर्वांसाठी' हा शब्द पाटीवर लिहायला दोन मिनिटं लागतात. जमिनीवर उतरवायला कोणीतरी टेप घेऊन वळणाची रुंदी मोजावी लागते.

वेल्सचा हा प्रयोग स्कॉटलंडने मोठ्या प्रमाणावर उचलला. २००१ साली जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीत ब्रिटनभर लाखो गुरं-मेंढ्या मारून टाकाव्या लागल्या. दक्षिण स्कॉटलंडला जबर फटका बसला. शेती ठप्प, ग्रामीण भागातल्या वाटा बंद, त्यामुळे पर्यटनही ठप्प. त्याच सुमारास तिथल्या सरकारी जंगलांमध्ये 'सेव्हन स्टेन्स' हा प्रकल्प आकाराला आला. 'स्टेन' म्हणजे स्कॉट बोलीत दगड. ग्लेनट्रेस-इनरलेदनपासून पश्चिमेला कर्कट्री, ग्लेनट्रूलपर्यंत सात केंद्रं, आणि प्रत्येक ठिकाणी एक कोरलेला दगड. कर्कट्रीला तर ग्रॅनाइटच्या उघड्या कातळावरूनच ट्रेल नेलाय आणि अमेरिकेतल्या मोआबवरून त्याला नाव दिलंय 'मॅकमोआब'. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली माउंटन बाईकची क्रॉसकंट्री शर्यत ग्लेनट्रेसलाच झाली. मी जिथे सायकल ढकलत होतो त्याच जंगलात!

आणि स्कॉटलंडने आणखी एक केलं. २००३ चा त्यांचा जमीन सुधारणा कायदा, जो २००५ पासून लागू झाला, त्यात जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जायचा हक्क दिला. पायी, घोड्यावर आणि सायकलवर. इंग्लंडने जे रॉथमनच्या सायकलला दिलं नाही ते स्कॉटलंडने तीन वर्षांत देऊन टाकलं.

हा फरक कागदी वाटेल, पण तसा तो नाही. परवानगी दिलेली वस्तू परत घेता येते. २०१० च्या शेवटी इंग्लंडमधली सरकारी जंगलं विकायची टूम निघाली होती. पायी फिरणाऱ्यांचे हक्क काही अंशी तरी कायद्याने सुरक्षित होते, पण सायकलच्या ट्रेलचं काय, याला पक्कं उत्तर नव्हतं. पाच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने बेत सोडून दिला. कोएड-अ-ब्रेनिनमध्ये, जिथे हे सगळं सुरू झालं, तिथलं कॅफे आणि दुकान ३१ मार्च २०२५ ला बंद झालं. कारण तेच, पैसे नाहीत. ट्रेल उघडे राहिले. पण ज्या वाटेचं अर्धं आयुष्य गटार साफ करण्यावर अवलंबून असतं, तिच्या बाबतीत 'उघडी आहे' हे वाक्य किती पावसाळे टिकतं?

उलट बाजूचं उदाहरणही आहे. पीक डिस्ट्रिक्टमध्ये 'कट गेट' नावाचा जुना ब्रायडलवे मूरवरून जातो. त्यातला पीटचा एक पट्टा इतका खचला होता की सायकल दांड्यापर्यंत रुते. त्याच्या दुरुस्तीसाठी गिर्यारोहक, सायकलवाले, चालणारे, घोडेवाले यांनी मिळून वर्गणी काढली. जे गट तीस वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध तक्रारी करत होते तेच! तिथे हक्क सगळ्यांचा होता, म्हणून जबाबदारीही सगळ्यांची झाली.

मला वाटतं, या शंभर वर्षांच्या गोष्टीत शिकण्यासारखं ते हेच आहे. जंगल युद्धासाठी लावलं आणि युद्ध राहिलं नाही, म्हणून सायकलला जागा मिळाली. हा योगायोग. माळ पायांना मिळाला कारण पाच जण तुरुंगात गेले. हा हक्क. योगायोगाने मिळालेलं बजेटबरोबर जातं, हक्काने मिळालेलं टिकण्याची शक्यता जास्त. आणि दोन्हीच्या पुढे उरतं ते फावडं घेऊन चर साफ करणारं कोणीतरी.

बाकी, तिकडून निघायच्या आधीच्या रविवारी ग्लेनट्रेसला परत गेलो होतो. पाऊस होता. निळा ट्रेल न उतरता पूर्ण केला. एका खळग्यातून पाणी शहाण्यासारखं बाहेर वाहून जात होतं, ते बघायला मात्र मुद्दाम थांबलो.